जोडघराची घरपट्टी

फाटकावर नोटीस डकवलेली दिसली तेव्हा बाई आधी हसल्याच.

हसण्यासारखंच होतं ते. नोटिशीवर मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘घर क्रमांक सात ब. घरपट्टी थकीत. मुदतीत भरणा न केल्यास जप्तीची कारवाई करण्यात येईल.’ आणि बाईंच्या फाटकावर, त्या नोटिशीच्या बरोबर वर, पितळी पाटीवर कोरलं होतं, ‘सात अ’. म्हणजे नोटीस शेजारच्यांची. डकवणाऱ्याने घाईत फाटक चुकवलं होतं, एवढाच अर्थ बाईंनी काढला आणि नखाने चिकटपट्टी खरवडत त्या स्वतःशीच म्हणाल्या, “वा रे वा! मास्तरांची पोलखोल झाली की.”

बाई ड्रायव्हिंग शिकवायच्या. शाळा त्यांची स्वतःची, गाडी एकच, आणि शिकवणाऱ्याही त्या एकट्याच. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याच गाडीवर पहिला गिअर टाकला होता. दिवसभर गल्लीत त्यांचा आवाज घुमायचा, “क्लच, क्लच, क्लच दाबा!” त्यामुळे मागे सगळे त्यांना क्लचबाई म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. क्लच हीच गाडीतली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे असं त्यांचं मत होतं. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याने मात्र आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. घरात एक ड्रायव्हर पुरे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि त्याला फक्त गाडीच अभिप्रेत असायची असं नाही.

त्यांचं घर जोडघर होतं. गल्लीतली सगळीच घरं तशी. दोन घरांत एक भिंत सामाईक, दोन्हींचा आराखडा आरशात पाहिल्यासारखा सारखा, फक्त उलटा. मुख्य रस्त्याकडून आत शिरलं की आधी बाईंचं घर लागायचं, मग त्यालाच पाठ लावून शिट्टीमास्तरांचं, आणि गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी.

शिट्टीमास्तर शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचे पंच. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. बाईंचे विद्यार्थी गल्लीतून गाडी वळवताना नेमके मास्तरांच्या फाटकासमोर बंद पडायचे. का कोण जाणे, पण तिथेच. बंद पडली रे पडली की आतून शिट्टी. त्या शिट्टीने बिचारा शिकाऊ आणखी गडबडायचा, पुन्हा बंद पाडायचा, पुन्हा शिट्टी. यावरून दोन घरांत वर्षानुवर्षं तू तू मैं मैं चालायची. बाईंचं म्हणणं, रस्ता पालिकेचा आहे. मास्तरांचं म्हणणं, फाटक माझं आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे भांडण कधी संपतच नव्हतं.

त्यातून घरपट्टी हा मास्तरांचा खास बढाईचा विषय. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तो म्हणाला, बाबा, आता पालिकेत खेपा घालू नका, घरपट्टीचं मी बघतो. तेव्हापासून मास्तर भिंतीवरून मान उंचावून ऐकवायचे, “आमच्याकडे सगळं चिरंजीव बघतात. आम्हाला साधं पाकीटसुद्धा फोडावं लागत नाही.”

तेव्हा ती नोटीस हातात घेऊन शेजारच्या फाटकाकडे निघालेल्या बाईंच्या चालीत जरा जास्तच ऐट होती, हे कबूल करायला हवं.

मास्तर व्हरांड्यात बसून बुटांना पॉलिश करत होते. कुठे जायचं नसलं तरी बूट चकचकीत लागायचे त्यांना.

“मास्तर, तुमचं टपाल आमच्याकडे आलंय,” बाई म्हणाल्या आणि नोटीस त्यांच्या पुढ्यात धरली.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“अशक्य.”

“सरकारी कागद आहे.”

“असेल. सरकारची चूक असेल. माझा मुलगा दर वर्षी भरतो.”

“बघायचं का?” बाईंनी फोन काढलाच. पालिकेचं घरपट्टीचं पान त्यांना तोंडपाठ होतं. आपल्या खात्यावर त्या दर वर्षी बिल निघाल्या निघाल्या पैसे भरून मोकळ्या व्हायच्या. नोटिशीवरचा मालमत्ता क्रमांक त्यांनी टाकला आणि स्क्रीन मास्तरांसमोर धरली. सात ब. थकबाकी लाल अक्षरांत. खाली वर्षांची रांग, आणि प्रत्येक वर्षापुढे ‘भरणा नाही’. अगदी वरचं वर्ष होतं तेच, गुडघ्याच्या ऑपरेशनचं.

मास्तरांनी ती रांग बोट लावून वरपासून खालपर्यंत पाहिली. मग ब्रश डबीत ठेवला, डबीला झाकण लावलं. एक बूट चकचकीत आणि एक तसाच धुळकट राहिला होता.

“बरं,” एवढंच ते म्हणाले. उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. आदळलं नाही. आदळलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “काय, जिंकलीस?”

“जिंकले,” बाई म्हणाल्या. “पण मजा नाही आली.”

“का?”

“अरे, त्यांचं तोंड बघवेना. मुलाने फसवलं असं वाटलं रे त्यांना. आणि ते दाखवायला मी गेले होते, नाचत.”

नवरा चष्मा पुसत राहिला.

तरी बाईंना फार वेळ चुटपुटत बसायला सवड नव्हती. त्याच दिवशी त्यांना पालिकेत जायचं होतं. शाळेसाठी दुसरी गाडी घ्यायचं घाटत होतं. शिकवायला एक मुलगी ठेवायची, गाडी दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली घ्यायची, असं सगळं ठरलं होतं. विक्रेत्याने गाडी बाजूला काढून ठेवली होती आणि बँकेने एकच कागद मागितला होता, घरावर थकबाकी नसल्याचा दाखला. बाईंना त्याची काडीचीही चिंता नव्हती. सगळ्या पावत्या फाइलमध्ये एकाखाली एक लावलेल्या होत्या. त्या फाइल काखोटीला मारून त्या कर विभागाच्या काउंटरवर उभ्या राहिल्या.

काउंटरवरच्या मॅडम तरुण होत्या, तोंडाने तिखट आणि कामाला झपाटा. त्यांनी बाईंचा क्रमांक संगणकावर टाकला, मान डोलावली आणि म्हणाल्या, “सात अ. थकबाकी नाही. दाखला देते. फक्त नकाशावर घराची खात्री करायची असते हल्ली.” त्यांनी स्क्रीन बाईंकडे वळवली. वरून काढलेला गल्लीचा फोटो होता, कौलांचे चौकोन एकमेकांना चिकटलेले. “तुमचं घर कुठलं ते बोटाने दाखवा.”

बाईंना गंमत वाटली. रस्त्यावरून शिरलं की डावीकडचं, टाकी पलीकडे. त्यांनी आपल्या कौलांवर बोट ठेवलं.

मॅडमनी तिथे क्लिक केलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“हे नाही. हे सात ब आहे.”

“ब शेजारचं. हे आमचं. मागच्या स्लॅबवरची ती निळी टाकी दिसतेय ना, ती मीच बसवून घेतलीय.”

“टाकी तुमची असेल, बाई. पण आमच्या नोंदीत हे घर सात ब आहे. आणि त्यावर थकबाकी आहे.”

बाईंनी पुन्हा बोट ठेवलं, जरा जोरात. जणू जोर दिला की अक्षर बदलेल. बदललं नाही. मग त्यांनी शेजारच्या कौलांवर बोट ठेवायला सांगितलं. मॅडमनी क्लिक केलं. सात अ. थकबाकी शून्य. दर वर्षीचा भरणा, वेळच्या वेळी.

“म्हणजे मी...” बाईंना वाक्य पुरं करवेना.

“म्हणजे तुम्ही शेजाऱ्यांची घरपट्टी भरताय,” मॅडम म्हणाल्या. “आणि तुमची कोणीच भरत नाहीये.”

घोळ कसा झाला तो मॅडमनी जुनी नोंद उघडून समजावला. बिल्डरने घरं विकली तेव्हा मुख्य रस्त्याकडून येताना आधी लागेल ते अ, आणि नंतरचं ब, असं खरेदीखतात लिहिलं. पालिकेचा नोंदणीवाला मात्र टाकीच्या बाजूने चालत आला होता. त्याला आधी मास्तरांचं घर लागलं, म्हणून ते अ झालं. खाती दोन्ही अजून बिल्डरच्याच नावावर, त्यामुळे पावतीवरच्या नावावरूनही कोणाला काही कळायची सोय नव्हती. बिलं वाटणारा जुना माणूस फाटकावरची पाटी बघून पाकीट टाकायचा. या वर्षी नवा माणूस आला, त्याने फोनवरचा नकाशा बघून नोटीस डकवली, आणि ती अगदी योग्य फाटकावर डकवली.

“पण मग आधीची वर्षं?”

“आधी ब चा भरणाही व्हायचा. इथे, काउंटरवर, रोख. बहुतेक तुमचे शेजारी भरत असणार. घरं सारखी, पट्टी सारखी. तुम्ही त्यांची भरत होता, ते तुमची. फिटंफाट. ते थांबले तेव्हा तुमचं घर उघड्यावर पडलं.”

बाईंना घाम फुटला होता, पण त्यांनी पदराने तो टिपला आणि पुढचा प्रश्न विचारला. रडण्यात वेळ घालवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. “दुरुस्ती कशी करायची?”

“संयुक्त अर्ज. दोन्ही घरांच्या मालकांची सही. मग आमचा मोजणीवाला येऊन जागेवर खात्री करेल. शेजारी थांबल्यापासून तुम्ही भरलेलं सगळं अ वरून ब वर वळतं करू. तुमचं खातं स्वच्छ. चूक विभागाची आहे, त्यामुळे दंड लागणार नाही, तेवढं मी बघते.” मॅडमनी अर्जाचा कागद काउंटरवर ठेवला. “पण मग अ रिकामं होईल. ती वर्षं शेजाऱ्यांच्या अंगावर येतील. ते सही करतील का? संबंध कसे आहेत?”

“शिट्टीचे,” बाई म्हणाल्या आणि अर्जाचा कागद उचलून निघाल्या.

परतताना गाडी चालवता चालवता बाईंनी सगळं मनात उलटसुलट करून पाहिलं. मास्तरांना सही करायची गरजच काय? त्यांचं घर कागदावर लख्ख आहे. हात न हलवता लख्ख. सकाळी ज्या बाईने अंगणात येऊन पाणउतारा केला, तिच्यासाठी ते आपल्या अंगावर कशाला ओढवून घेतील? दुसरं कोणी असतं तर आधी वकील गाठला असता, किंवा नवऱ्याला पुढे केलं असतं. बाईंनी यातलं काहीच करायचं नाही असं पहिल्याच सिग्नलला ठरवून टाकलं. चढावर गाडी मागे घसरायला लागली की त्या शिकाऊंना सांगायच्या, मागे बघू नका, ब्रेक दाबा, श्वास घ्या आणि सरळ पुढे काढा. त्यांनी गाडी आपल्या दारात लावली आणि आपल्या घरात न शिरता तडक मास्तरांची बेल वाजवली.

दार उघडायला वेळ लागला. मास्तर सकाळच्याच कपड्यांत होते. टेबलावर फोन उताणा पडला होता आणि त्याच्या शेजारी पाकिटांचा गठ्ठा, एकही न फोडलेलं.

“अजून काही राहिलंय दाखवायचं?” मास्तर म्हणाले.

“राहिलंय. पण आधी ऐकून घ्या. सकाळी मी चुकले.”

हे वाक्य बाईंच्या तोंडून मास्तरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते दारातून बाजूला झाले.

बाईंनी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं, नकाशापासून मोजणीवाल्यापर्यंत, काहीही हातचं न राखता. सही केली तर थकबाकी तुमच्याकडे येईल आणि नाही केली तर माझी गाडी जाईल आणि घरही अडचणीत येईल, हेसुद्धा त्यांनी सरळ सांगून टाकलं. मास्तर ऐकत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष त्या फोनकडे होतं.

“मुलाला फोन केलात?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“का?”

“काय विचारू? दर वर्षी खोटं का बोललास म्हणून?” मास्तरांनी पाकिटांचा गठ्ठा दूर सारला. “नसतील जमले पैसे. नसेल मिळाला वेळ. पण सांगायचं ना. मी भरली असती. मी लंगडत जाऊन भरली असती. बाप आहे, पालिका नाही मी.”

“काय म्हणतो तो नेमकं? शब्द काय असतात?”

पंचगिरी केलेल्या माणसाला शब्द नेमके आठवतात. मास्तर म्हणाले, “म्हणतो, बाबा, घरपट्टीचं बघितलं, क्लिअर आहे. मी म्हणतो, बरं झालं. मग तो म्हणतो, गुडघा कसा आहे. मी म्हणतो, ठीक. झालं.”

“भरली असं म्हणतो?”

“क्लिअर आहे असं म्हणतो.”

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “मास्तर, लावा फोन. आत्ता लावा. आणि स्पीकरवर टाका.”

मुलाने दुसऱ्याच रिंगला उचलला. या वेळी वडिलांचा फोन म्हणजे काहीतरी बिनसलं, असं त्याला वाटलं असावं. “बाबा? काय झालं? पडलात का कुठे?”

“पडलो नाही. शेजारच्या बाई आल्यात. त्यांना काहीतरी विचारायचंय.”

“मी विचारते,” बाई फोनकडे वाकून म्हणाल्या. “घरपट्टी कशी बघतोस रे तू? क्रमांक टाकून?”

“नाही काकू. क्रमांक कोण शोधत बसणार. नकाशा उघडतो आणि आपल्या घरावर बोट ठेवतो. थकबाकी शून्य येते.”

“मग तू भरतोस कधी?”

“मी कुठे भरतो? मी उघडेपर्यंत भरलेलीच असते दर वेळी. बाबाच भरतात. बाबांना ऑनलाइनवर भरवसा नाही हे मला माहितीये. मी एवढं सांगूनही गुडघा घेऊन जातात आणि रांगेत उभं राहून भरून येतात. खरं सांगू का? मला राग यायचा दर वर्षी. पण म्हटलं, जाऊ दे, त्यांना तेवढंच बरं वाटतं, आपण कशाला बोलायचं.”

मास्तर फोनकडे टक लावून बघत होते. “अरे, मी गेलोच नाही.”

“मग कोण गेलं?”

“बाई गेल्या,” मास्तर म्हणाले.

बाईंनी मग मुलालाही सगळं समजावून सांगितलं. तो हुशार होता, अर्ध्यातच त्याच्या ध्यानात आलं. “म्हणजे मी बरोबर घरावर बोट ठेवत होतो,” तो म्हणाला, “आणि तिथे काकूंचे पैसे दिसत होते.”

“गाढवा, मग विचारलं का नाहीस मला, की बाबा, तुम्ही भरली का?” मास्तर एकदम उसळून म्हणाले.

“तुम्ही का नाही विचारलंत, की तू भरलीस का?”

“तू क्लिअर म्हणालास!”

“तुम्ही बरं झालं म्हणालात!”

मग आधी मुलगा हसला. आणि मास्तर, जे हसताना बाईंनी कधी पाहिलेच नव्हते, ते खुर्चीत मागे रेलून खो खो हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी सगळं हसण्याचंच होतं की नाही हे बघायला बाई थांबल्या नाहीत. त्या हळूच उठून व्हरांड्यात गेल्या. आतून आवाज येत राहिले. गुडघ्याचं निघालं, नोकरीचं निघालं, कोणत्या तरी जुन्या सामन्याचं निघालं, मुलाला नवीन घरात झोप लागत नाही हे निघालं. पालिकेचं नाव कुठेही निघालं नाही. बाईंनी तेवढ्यात संध्याकाळच्या दोन शिकाऊंना फोन करून उशीर होणार असल्याचं कळवलं, मास्तरांच्या कुंड्यांतली वाळकी पानं काढली, आणि तरी आतलं बोलणं चालूच.

शेवटी मास्तर बाहेर आले. हातात पेन होतं.

“आणा तो अर्ज.”

“नीट विचार करा मास्तर. मी घाई करत नाही,” बाई म्हणाल्या. खरं तर त्यांना घाई होती, पण या घटकेला त्यांना ते मनापासून म्हणावंसं वाटलं.

“यात विचार काय करायचा? चूक तुमची नाही, माझी नाही, पोराची नाही. पण फायदा माझ्याकडे आलाय. आलेला फायदा कळल्यावरही खिशात ठेवला तर ती चूक माझी होते.” त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर कागद टेकवून ठसठशीत सही केली. “माझी एकच अट आहे.”

बाई सावध झाल्या. “बोला.”

“मोजणी माझ्यासमोर व्हायला हवी. त्या लोकांनी एकदा उलटीकडून चालून घोळ घातलाय. या वेळी मी त्यांच्याबरोबर चालणार.”

आणि चालले ते. मोजणीवाला आला त्या सकाळी मास्तर दोन्ही बूट चकचकीत करून फाटकाशी हजर होते. मोजणीवाला टाकीकडून निघायला लागला तर म्हणाले, “नाही, रस्त्याकडून.” त्याने निमूटपणे रस्त्याकडून सुरुवात केली. दोन्ही घरांसमोर उभं राहून फोनवर फोटो काढले, अर्जावर शेरा मारला आणि मग पुढच्या जोडघराकडे बघून डोकं खाजवलं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. पण तो आधीचा माणूस टाकीकडून आला असेल, तर तो फक्त तुमच्या घरापुरता थोडाच आला असेल?”

हे वाक्य त्याने हळू आवाजात उच्चारलं, पण गल्लीला असली वाक्यं बरोबर ऐकू येतात. कोपऱ्यावरची शिंपीणकाकू बाहेर आली. तिच्यामागोमाग समोरचे निवृत्त टपालमास्तर, त्यांच्या सूनबाई, आणि बघता बघता सगळी गल्ली रस्त्यावर. आमचं पण उलटं आहे का? मग मी कोणाची भरतोय? माझी कोण भरतंय? टपालमास्तरांनी तर सूनबाईंना सांगून टाकलं की उगाच इतकी वर्षं शेजाऱ्याला नावं ठेवली, तो आपली घरपट्टी भरत होता की! तिकडे शेजाऱ्याने छाती फुगवली, तोवर कोणीतरी म्हणालं की तसं बघितलं तर त्याचीही टपालमास्तरच भरत होते, आणि छाती पुन्हा खाली आली.

बाईंनी पाहिलं की आता हे कोणीतरी हातात घेतल्याशिवाय आवरणार नाही. त्यांनी आवाज काढला, तोच, गाडीतला. “सगळ्यांनी थांबा! आपापले फोन काढा. पालिकेचं पान उघडा. क्रमांक टाकू नका, नकाशा उघडा. आता आपल्या घरावर बोट ठेवा. शेजाऱ्याच्या नाही, आपल्या. काय दिसतं ते मोठ्याने सांगा.”

मास्तरांनी घरांच्या क्रमाने लोकांना उभं केलं, खेळाच्या तासाला करायचे तसंच. एकेक जण वाचत गेला आणि मोजणीवाला लिहून घेत गेला. सगळी गल्ली उलटी निघाली. एकही जोड सुटली नाही. पण आश्चर्य म्हणजे कोणाचीच मोठी थकबाकी निघाली नाही, कारण सगळे जण वेळेवर भरत होते, फक्त दुसऱ्याच्या घराची.

“आता एकत्रच अर्ज करू,” बाई म्हणाल्या. “सगळ्या गल्लीचा. मी येते तुमच्याबरोबर.”

“आणि मी,” मास्तर म्हणाले.

बाईंचं काम मात्र आधी झालं, कारण त्यांच्या अर्जाला तोंड आधी फुटलं होतं. खातं दुरुस्त झालं, दाखला मिळाला, बँकेने होकार दिला आणि गाडी दारात आली. नवरा तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला की रंग छान आहे, आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

काउंटरवरच्या मॅडमनी जाता जाता आणखी एक सुचवलं होतं. खाती अजून बिल्डरच्या नावावर आहेत, आता सगळे कागद समोर आहेत तर नावंही बदलून घ्या. बाईंनी आपलं आणि नवऱ्याचं नाव लावून घेतलं. इतकी वर्षं राहत असलेल्या घराच्या खात्यावर आपलं नाव स्क्रीनवर उमटताना पाहून त्यांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा स्पेलिंग तपासायला, दुसऱ्यांदा उगाच.

मास्तरांच्या खात्याचं नाव बदलायच्या दिवशी मुलगा स्वतः आला होता, सुट्टी काढून. राहिलेली सगळी वर्षं त्याने आल्या आल्या भरून टाकली. मग दोघं बापलेक काउंटरवर शेजारी शेजारी उभे राहिले. बाई गल्लीच्या अर्जाचं बघायला आल्या होत्या, त्यांना मागून दोघांच्या पाठी दिसत होत्या. सारख्याच रुंद, सारख्याच ताठ.

“नाव काय लावायचं?” मॅडमनी विचारलं. “दोघांचं लावू का? पुढे सोपं पडतं. मग मुलगा त्याच्या फोनवरून परस्पर सगळं करू शकेल, तुम्हाला विचारायचीही गरज नाही.”

“लावा दोघांचं,” मुलगा म्हणाला. “बाबा, बरं पडेल.”

“नको,” मास्तर म्हणाले. “माझ्या एकट्याचं लावा.”

“अहो बाबा, पण का?”

“कारण तुझं नाव लागलं तर तू मला फोन करणार नाहीस,” मास्तर म्हणाले. “एकट्याचं असलं की दर वर्षी विचारावं लागेल. आणि या वेळी नुसतं क्लिअर आहे म्हणून सुटका नाही.”

मुलाने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मॅडमना म्हणाला, “ते म्हणतात तसं करा.”

मॅडमनी तसं केलं.